जुन्या डिझेल ट्रॅक्टरचा सेल्फ पकडत नाही: दोष नेमका कुठे शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन सिलिंडरचा जुना डिझेल ट्रॅक्टर आहे, १२ व्होल्टची बॅटरी, वर सॉलेनॉइड (विजेवर चालणारा चुंबकी स्विच) बसवलेला सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर. चावी फिरवली की कधी पहिल्याच फटक्यात लागतो, कधी नुसता ‘खट्’ आवाज करून थांबतो, तर कधी खरखर करत दाते घासतो. पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन थोडं फिरवलं की लगेच लागतो. बेंडिक्स (सेल्फचं पुढे सरकणारं दातेरी चाक आणि त्याचा क्लच) नवा टाकला, महिनाभर बरा चालला आणि पुन्हा तेच सुरू झालं. आता अख्खा सेल्फच बदलावा का?

लगेच बदलू नका. तुम्ही दिलेल्या माहितीतच निम्मं उत्तर आहे. इंजिन थोडं फिरवल्यावर सेल्फ लागतो, याचा अर्थ फ्लायव्हीलच्या (इंजिनमागच्या जड चाकाच्या) दातेरी रिंगवर ठरावीक जागी दाते झिजलेत. आणि नवा बेंडिक्स महिन्याभरात घासू लागला, याचा अर्थ दाते खाणारं मूळ कारण अजून जागेवरच आहे. दात्यांची झीज हा जवळपास नेहमीच परिणाम असतो. पिनियन, म्हणजे बेंडिक्सचं लहान दातेरी चाक, अर्धवट, सावकाश किंवा चुकीच्या वेळी पुढे येतो म्हणून दाते झिजतात. ते कारण तसंच ठेवून रिंग, पिनियन, सेल्फ काहीही बदललं तरी नवे दातेही त्याच वाटेने जातील.

आत कोणत्या क्रमाने काय घडतं

चावी फिरवली की सॉलेनॉइडच्या लहान टर्मिनलला करंट मिळतो. बऱ्याच सेल्फवर त्या टर्मिनलजवळ ५० हा आकडा असतो. सॉलेनॉइडच्या आत दोन वाइंडिंग असतात. जाड तारेचं वाइंडिंग प्लंजर (आत सरकणारा लोखंडी दांडा) ओढतं, बारीक तारेचं वाइंडिंग ओढलेला प्लंजर धरून ठेवतं. प्लंजर आत जाताना फोर्क (दुपाखी लिव्हर) पिनियनला शाफ्टच्या तिरप्या खाचांवरून रिंगकडे ढकलतो. पिनियन जवळपास पूर्ण पुढे गेल्यावर, प्लंजरच्या अगदी शेवटच्या हालचालीत, तांब्याची चकती दोन मोठे बोल्ट जोडते आणि मग मोटर जोरात फिरते.

सगळा खेळ या क्रमाचा आहे: आधी दाते आत, मग मोटरचा जोर. हा क्रम बिघडला, म्हणजे पिनियन अर्ध्या वाटेवर असताना मोटर फिरू लागली, की फिरते दाते स्थिर दात्यांच्या कडेवर घासतात. तीच तुमची खरखर.

दात्यासमोर दाता आला तर काय? ते तर रोजच होतं. त्यासाठी पिनियनच्या मागे किंवा फोर्कजवळ एक स्प्रिंग दिलेली असते. दाता दात्याला टेकला तरी ही स्प्रिंग दबते, प्लंजर पुढे जातो, चकती टेकते, मोटर जेमतेम फिरते आणि पिनियन पुढच्या खाचेत घुसतो. ही स्प्रिंग मेली असेल, किंवा दात्यांच्या कडेचा उतार झिजून सपाट झाला असेल, तर पिनियन घुसण्याऐवजी कडेवरच फिरत राहतो.

आता ‘ठरावीक जागी’ म्हणजे काय ते पाहा. इंजिन बंद होताना कुठेही थांबत नाही. पुढच्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन चढवण्याइतका जोर उरत नाही, तिथे ते अडतं आणि थोडं मागे झुलून थांबतं. तीन सिलिंडरच्या इंजिनात फ्लायव्हीलवर अशा तीन जागा येतात, एकमेकींपासून १२० अंशांवर. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन, समोरासमोर. म्हणून पिनियन वर्षानुवर्षं त्याच मोजक्या दात्यांवर आपटतो. बाकीची रिंग नव्यासारखी असते.

आधी कान, मग पाना

एखाद्याला चावी फिरवायला बसवा, स्टॉप ओढून ठेवा म्हणजे इंजिन चालू होणार नाही, आणि बाजूला उभं राहून ऐका.

एकच जड ‘खट्’ आणि पुढे शांतता: पिनियन बहुतेक पुढे आला आहे, पण मोटर फिरत नाही. बॅटरी, केबलचे जोड, सॉलेनॉइडची चकती, कार्बन (मोटरला करंट देणारे ब्रश), नाहीतर इंजिनच जाम. पुलीच्या नटावर पाना लावून इंजिन दोन पूर्ण फेरे हाताने फिरतं का हे आधी पाहा. इंजिनच फिरत नसेल तर सेल्फला दोष देण्यात अर्थ नाही.

‘कट-कट-कट-कट’ असा सलग आवाज: प्लंजर आत जातो आणि सुटतो, पुन्हा जातो. दहापैकी आठ वेळा बॅटरी उतरलेली असते किंवा अर्थचा (बॅटरीच्या ऋण बाजूचा) जोड सैल असतो. ते दोन्ही चांगले असतील तर धरून ठेवणारं वाइंडिंग तुटलेलं आहे. ते असं घडतं: चकती टेकली की ओढणाऱ्या वाइंडिंगच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज मिळतं आणि ते तेवढ्यापुरतं निकामी होतं. त्या क्षणी धरून ठेवणारंही नसेल तर प्लंजर सुटतो, चकती उघडते, ओढणारं पुन्हा जिवंत होतं आणि चक्र सुरू राहतं.

मोटरचा गरगर आवाज येतो पण इंजिन हलत नाही: दोन शक्यता नेहमीच्या, तिसरी विसरली जाणारी. फोर्क मोडल्यामुळे पिनियन पुढे येतच नसेल. किंवा पिनियन रिंगमध्ये जातो, पण बेंडिक्सचा एकेरी क्लच आतून घसरतो. क्लच घसरत असेल तर थंड इंजिनावर त्रास जास्त दिसतो, कारण जोर जास्त लागतो. तिसरी शक्यता म्हणजे रिंगच फ्लायव्हीलवर सैल झाली आहे, त्यामुळे रिंग फिरते आणि फ्लायव्हील जागेवर राहतं. सेल्फ काढल्यावर त्या भोकातून रिंग आणि फ्लायव्हील दोघांवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढा, सेल्फ परत बसवून दोन-चार वेळा मारा, मग रेघ जुळते का पाहा. जुळली नाही तर निदान झालं.

खरखर: पिनियन कडेवर घासतोय. तुमच्याकडे मुख्य लक्षण हेच आहे, म्हणून पुढचा भर त्यावरच.

मीटर लावून पाहायच्या पाच जागा

सेल्फ उतरवण्याआधी हे करा. अर्धवट पुढे येणाऱ्या पिनियनचं सगळ्यात मोठं कारण सेल्फच्या बाहेर असतं: सॉलेनॉइडला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही.

बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर मीटर लावा, क्लॅम्पवर नको. आराम दिलेली, पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. सेल्फ मारत असताना ती ९.६ च्या खाली जाऊ नये. १० च्या वर राहिली तर उत्तम. ९ च्या खाली गेली तर पुढचं काही तपासण्याआधी बॅटरी भरून किंवा दुसरी चांगली बॅटरी लावून पाहा.

मग मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण खुंटीवर, दुसरी सेल्फच्या स्वच्छ घासलेल्या बॉडीवर. सेल्फ मारताना इथे ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. जास्त दिसलं तर अर्थची पट्टी, तिचा चेसिसवरचा बोल्ट, किंवा सेल्फ आणि हाउसिंग यांच्या मधला रंग-गंज दोषी. जुन्या ट्रॅक्टरला नवा रंग मारताना सेल्फ बसतो त्या तोंडावरही रंग जातो आणि अर्थ तिथेच अडतो. हे फार वेळा सापडतं.

तिसरी जागा: बॅटरीची धन खुंटी ते सॉलेनॉइडचा मोठा बोल्ट, तेवढीच मर्यादा. केबल गरम होत असेल तर ती बारीक आहे. १२ व्होल्टच्या डिझेल ट्रॅक्टरला तांब्याची ५० ते ७० चौरस मिलिमीटरची केबल हवी; टोकाचा लग (तांब्याची कडी) दाबून बसवलेला, नुसता हातोडीने चेपलेला नको.

चौथी: सॉलेनॉइडचे दोन मोठे बोल्ट एकमेकांच्या तुलनेत. मोटर फिरत असताना ०.२ च्या आसपास हवं. जास्त म्हणजे चकती जळली आहे.

पाचवी जागा सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच सहसा कोणी पाहत नाही: लहान टर्मिनल ते सेल्फची बॉडी. चावी फिरवलेली असताना इथलं व्होल्टेज त्याच क्षणीच्या बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा एका व्होल्टहून जास्त कमी नको. सॉलेनॉइड ओढताना दोन्ही वाइंडिंग मिळून ४०-५० अँपिअर सहज घेतात. हा सगळा करंट जुन्या चावीच्या झिजलेल्या स्विचमधून, गिअर न्यूट्रल असल्याशिवाय सेल्फ लागू न देणाऱ्या सेफ्टी स्विचमधून आणि दोन-तीन जुन्या जोडांमधून येतो. वाटेत तीन व्होल्ट हरवले तर प्लंजर ओढला जातो, पण दमाने नाही. स्प्रिंगविरुद्ध अडखळत पिनियन अर्धा येतो, आणि इथून झीज सुरू होते.

खात्री करायची असेल तर बॅटरीच्या धन खुंटीवरून ६ चौरस मिलिमीटरची लांब तार, मध्ये एक पुश बटण घालून, लहान टर्मिनलला थेट लावा आणि बटण दाबा. पिनियन आता ठणठणीत पुढे येऊन लागला, तर दोष चावी-वायरिंगमध्ये आहे, सेल्फमध्ये नाही. पण ही चाचणी सेफ्टी स्विच वगळून होते. गिअर न्यूट्रलमध्ये आहे हे स्वतः हाताने हलवून पाहा, हँडब्रेक ओढा, चाकांना पुढे-मागे लाकडी ओंडके लावा, स्टॉप ओढलेला ठेवा, आणि चाकाच्या पुढे किंवा दोन चाकांच्या मध्ये अजिबात उभे राहू नका. स्क्रू ड्रायव्हरने सेल्फचे बोल्ट जोडून ट्रॅक्टर चालू करण्याची सवय जीवघेणी आहे: ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर चालू होताच निघतो आणि मागचं चाक उभ्या माणसावरूनच जातं. चाचणी झाली की तार काढून टाका, कायमची ठेवू नका.

दोष वायरिंगमध्ये सापडला तर चांगला उपाय म्हणजे रिले (लहान करंटने मोठा करंट जोडणारा स्विच). ७० अँपिअरचा रिले सेल्फजवळ, चिखल उडणार नाही अशा जागी बसवा. सेल्फच्या मोठ्या बोल्टवरून, जिथे बॅटरीची केबल येते, ६ चौरस मिलिमीटरची तार रिलेच्या ३० नंबरच्या टर्मिनलला, ८७ वरून लहान टर्मिनलला, ८५ अर्थला, आणि चावीकडून येणारी जुनी तार, सेफ्टी स्विच तसाच मध्ये ठेवून, ८६ ला. चावीतून आता फक्त रिलेपुरता किरकोळ करंट जातो आणि सॉलेनॉइडला पूर्ण व्होल्टेज मिळतं.

सेल्फ खाली उतरवल्यावर

बॅटरीचा अर्थ आधी काढा. सेल्फ जड असतो, १० ते २० किलो भरतो, शेवटचा बोल्ट काढताना खालून आधार द्या. उतरवताना बोल्ट मुळात किती घट्ट होते हे लक्षात घ्या. सैल बोल्ट, घासून लांबट झालेलं भोक किंवा तडकलेला कान सापडला, तर खरखरीचं कारण तेच असू शकतं.

पिनियन पाहा. दात्याचं पुढचं टोक गोल होऊन बाहेर कड आली असेल तर कडेवर घासणं. दात्याच्या एकाच बाजूला लांबवर झीज असेल तर शाफ्ट वाकडा बसतोय. पिनियन धरून शाफ्ट वर-खाली हलवा. हालचाल हाताला स्पष्ट जाणवली तर पुढचा बुश (शाफ्टला आधार देणारी नळी) गेला. बुश गेला की जोर पडताच पिनियन रिंगपासून दूर ढकलला जातो आणि आर्मेचर (मोटरचा फिरणारा गाभा) आतल्या लोखंडी पट्ट्यांना घासतं. नवा पितळी बुश सच्छिद्र असतो. तो बसवण्याआधी चोवीस तास स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा, आणि बसवल्यावर रीमर (भोक रुंद करणारं हत्यार) फिरवू नका, छिद्रं बुजतात.

क्लच तपासायचा तर आर्मेचर धरून पिनियन फिरवा. एका दिशेला मोकळा, दुसऱ्या दिशेला घट्ट अडायला हवा. हाताने अडला म्हणून तो चांगलाच आहे असं नाही. जोर आल्यावर घसरू शकतो. पण हातानेच घसरला तर चर्चा संपली. बेंडिक्स रॉकेलमध्ये बुडवून धुणं ही सर्रास होणारी चूक आहे. क्लचच्या आत कंपनीने भरलेलं ग्रीस वाहून जातं आणि नवा बेंडिक्स काही आठवड्यांत घसरू लागतो. बाहेरून फडक्याने पुसा, शाफ्टच्या तिरप्या खाचा मात्र रॉकेलने ब्रश मारून पूर्ण स्वच्छ करा आणि पातळ थर देऊन हलकं लिथियम ग्रीस लावा. जाड लावलं तर क्लचप्लेटची धूळ त्यात बसून लेप तयार होतो. खाचांत काळा चिकट लेप आधीच सापडला तर फ्लायव्हीलमागचं ऑइल सील गळतंय का पाहा.

सॉलेनॉइडची चाचणी टेबलावर करा. सेल्फ शिकंजात घट्ट पकडा. चालू होताना तो झटका देतो. मोटरकडे जाणारी जाड पट्टी सॉलेनॉइडवरून सोडवा. बॅटरीचा धन लहान टर्मिनलला. ऋण एकाच वेळी सॉलेनॉइडच्या बॉडीला आणि मोटरकडच्या मोठ्या बोल्टला. पिनियन एका झटक्यात पूर्ण बाहेर यायला हवा. आता मोटरकडच्या बोल्टवरची ऋण तार काढा: पिनियन तिथेच राहायला हवा. परत गेला तर धरून ठेवणारं वाइंडिंग तुटलंय. शेवटी बॉडीची तार काढा: पिनियन लगेच मागे यायला हवा, रेंगाळला तर परतीची स्प्रिंग कमजोर आहे किंवा प्लंजर गंजलाय. प्रत्येक वेळी पाच-सात सेकंदांत उरका, वाइंडिंग तापतं.

याच स्थितीत, पिनियन विजेवर बाहेर धरलेला असताना, त्याचं टोक आणि शाफ्टवरची थांब-कॉलर यांच्यातली फट मोजा. पिनियन हाताने हलकेच मागे दाबून खोट (सैलपणा) घालवा आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्ती) घाला. काही जुन्या ल्युकस सेल्फमध्ये फोर्कची पिन मुद्दामच मध्यापासून सरकवलेली असते. तिचं लॉकनट सैल करून पिन फिरवली की ही फट बदलते. तिथे ०.१३ ते ०.३८ मिलिमीटर ठेवतात, आणि ही फट मोजताना सॉलेनॉइडला १२ ऐवजी ६ व्होल्ट देतात. समायोजन नसलेल्या सेल्फमध्ये फट १ ते ३ मिलिमीटरपर्यंत चालते. फट यापेक्षा बरीच मोठी असेल तर पिनियन पुरता बाहेर येत नाही: फोर्क झिजला, पिन झिजली किंवा प्लंजर चुकीच्या लांबीचा आहे.

इथे तुमच्या ‘नवा बेंडिक्स, महिन्यात तेच’ या तक्रारीशी जोडलेली आणखी एक गोष्ट. सॉलेनॉइड कधी बदलला किंवा दुरुस्त केला होता का ते आठवून पाहा. दुसऱ्या मॉडेलचा सॉलेनॉइड बोल्टवर बरोबर बसतो, पण प्लंजरचा हुक दोन-तीन मिलिमीटर लांब किंवा आखूड असतो. दुरुस्तीत जळलेल्या तांब्याच्या बोल्टखाली वॉशर टाकून तो उंच केला, तर चकती ठरल्या वेळेआधी टेकते. दोन्हींचा परिणाम एकच: पिनियन अर्ध्या वाटेवर असताना मोटर सुरू. टेबलावर सेल्फ छान फिरतो, पिनियनही बाहेर येतो, म्हणून तो पास होतो आणि ट्रॅक्टरवर जाऊन दाते खातो. जळलेला बोल्ट अर्धा वळसा फिरवून न झिजलेली बाजू वर आणता येते. चकती उलटी करता येते. उंची मात्र मूळ होती तीच राहिली पाहिजे.

खोलीचं माप

दुकानातून ‘तसाच’ म्हणून आणलेला सेल्फ किंवा बेंडिक्स खरोखर तसाच आहे का, हे दोन मापांनी कळतं. स्टीलची पट्टी घ्या. सेल्फचं जे तोंड हाउसिंगला टेकतं तिथपासून आराम स्थितीतल्या पिनियनच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. मग हाउसिंगच्या तोंडापासून आत रिंगच्या जवळच्या कडेपर्यंत मोजा. दोघांतला फरक ३ मिलिमीटरच्या आसपास हवा. एक-दीडच असेल तर चालू इंजिनाची रिंग पिनियनला चाटत राहील. सहा-सात असेल तर पिनियन उशिरा आणि अपुरा घुसेल. पूर्ण बाहेर आलेल्या पिनियनने रिंगच्या रुंदीचा किमान दोन तृतीयांश भाग व्यापला पाहिजे.

दात्यांची संख्या जुन्या पिनियनशी जुळवा. ९, १० आणि ११ दात्यांचे पिनियन वरवर सारखे दिसतात. एक दाता कमी असलेला पिनियन व्यासाने लहान असतो, रिंगमध्ये उथळ बसतो आणि फक्त टोकांवर जोर घेतो. सेल्फ हाउसिंगच्या गोल खाचेत खांद्याने बसत असेल तर रिंग आणि पिनियनमधलं आडवं अंतर तुम्हाला बदलता येत नाही. शिमने (मध्ये घालायच्या पातळ पत्र्याने) फक्त खोली बदलते. खांद्यावरचा गंज आणि खाचेतली घाण खरवडून काढा, कारण तिथे अडकलेला रंगाचा एक पापुद्राही सेल्फ तिरका बसवतो.

रिंग

सेल्फच्या भोकातून टॉर्च मारा. एका दात्यावर खडूने खूण करा आणि इंजिन पुलीच्या नटावर पान्याने हळूहळू फिरवत पूर्ण फेरा पाहा. झिजलेला भाग सुरू होतो आणि संपतो तिथेही खूण करा. तीन सिलिंडरमध्ये असे तीन पट्टे सापडायला हवेत. तीनऐवजी सगळीकडे सारखी झीज दिसली, तर माप किंवा मांडणीच चुकलेली आहे.

दात्यांची पिनियनकडची कड थोडी गोल झाली असेल आणि दात्याच्या लांबीचा पाव भागही गेला नसेल, तर रिंग ठेवा. बाहेर आलेली कड बारीक कानशीने काढा, कीस आत पडू नये म्हणून खाली ग्रीस लावलेलं फडकं धरा. तिसरा हिस्सा किंवा जास्त गेला असेल तर कानशीने काही साधत नाही. वेल्डिंगने दाते भरण्याच्या नादी लागू नका. रिंगला तिथे चीर जाते, भरलेला दाता एकतर काचेसारखा तुटतो नाहीतर मऊ राहतो, आणि नवा पिनियन त्यावर आठवड्यात झिजतो.

रिंगसाठी ट्रॅक्टर इंजिनामागून वेगळा करावा लागतो, म्हणून त्याच वेळी क्लचप्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि मागचं ऑइल सील पाहून घ्या. जुनी रिंग काढायला दोन दात्यांमधल्या खाचेत भोक पाडा, फ्लायव्हीलला ड्रिल लागू देऊ नका, आणि छिन्नीच्या एका फटक्याने ती तिथे फोडा.

नवी रिंग तापवून बसते. सगळीकडून सारखी २०० ते २३० अंश सेल्सिअस. २५० च्या वर अजिबात नको, दात्यांचं पाणी (कठीणपणा) उतरतं. ओव्हन सगळ्यात चांगलं. गॅसने तापवायचं झालं तर ज्योत दात्यांवर न रोखता आतल्या कडेने गोल फिरवत राहा. घासून चकचकीत केलेल्या जागी फिकट पिवळा रंग दिसला की थांबा, निळा आला तर रिंग वाया गेली. साधारण ३५० मिलिमीटर व्यासाची रिंग २०० अंशांनी तापली की ०.८ मिलिमीटरच्या आसपास फुगते. तेवढ्या अवधीत ती फ्लायव्हीलच्या खांद्यापर्यंत बसवायची. म्हणून फ्लायव्हील आधीच सपाट ठेवून, खांदा पॉलिश पेपरने साफ करून तयार असू द्या. दात्यांची उतार दिलेली कड पिनियन येतो त्या बाजूला. उलटी बसली तर सगळं काम पुन्हा. पाणी ओतू नका, आपोआप निवू द्या.

नवी रिंग मिळतच नसेल, तर जुनी न फोडता तापवून काढता येते आणि फिरवून बसवता येते: तीन सिलिंडरला ६० अंश, चार सिलिंडरला ९० अंश. झिजलेले पट्टे थांबण्याच्या जागांपासून दूर जातात. मात्र ती पुन्हा तितकीच घट्ट बसली पाहिजे. मी हा दुसऱ्या क्रमांकाचा पर्याय मानतो.

पिनियन परत येत नसेल तर

तुमच्याकडे हे लक्षण नाही, पण झिजलेल्या दात्यांवर ते पुढे येऊ शकतं. रिंगला १२० आणि पिनियनला १० दाते धरले तर प्रमाण १२ ला १. इंजिन ७०० च्या आयडलिंगवर असताना अडकलेला पिनियन मिनिटाला ८,४०० फेरे घेतो, २,००० वर २४,०००. क्लच चांगला असेल तर काही काळ आर्मेचर वाचतं; तो जाम झाला तर आर्मेचरची तार बाहेर फेकली जाते. चावी सोडल्यावरही गुणगुण चालू राहिली तर इंजिन तात्काळ बंद करा. मोटरही फिरतच असेल तर चकती चिकटली आहे, बॅटरीची केबल काढा. आवाजाचा आणखी एक उपयोग आहे: सेल्फ मारत असताना तीव्र सूर निघाला तर दात्यांमध्ये खोट जास्त आहे, इंजिन लागल्यावर चावी सोडताना निघाला तर खोट कमी.

सॉलेनॉइड नसलेल्या, पिनियन स्वतःच्या झटक्याने पिळावरून पुढे फेकणाऱ्या जुन्या सेल्फचं निदान सोपं आहे. नव्वद टक्के त्रास पिळावरच्या घाणीचा, उरलेला मोडलेल्या जाड स्प्रिंगचा. पिळ रॉकेलने धुवा, कोरडा ठेवा. ऑइल-ग्रीस लावलं तर धूळ धरून महिन्यात तेच.

बसवल्यानंतर

सेल्फचे बोल्ट आळीपाळीने, सारखे आवळा. एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. इंजिन लागलं नाही तर फ्लायव्हील पूर्ण स्थिर होईपर्यंत चावी पुन्हा फिरवू नका. शेवटी ते मागे झुलतं, आणि त्या उलट्या फिरण्यात पिनियन घुसवला की दाता तुटतो.

पिनियनच्या तीन-चार दात्यांना निळं मार्किंग लावून सेल्फ बसवा, दहा-बारा वेळा मारा आणि उतरवून ठसा पाहा. दात्याच्या मधल्या भागात, बऱ्याच लांबीवर उमटलेला ठसा बरोबर. फक्त टोकावर असेल तर खोलीचं माप पुन्हा घ्या. एका कडेला तिरपा असेल तर बुश आणि खांदा पुन्हा तपासा. त्यानंतर आठवडाभराने बोल्ट एकदा आवळून पाहा आणि पाचव्या जागेवरचं व्होल्टेज पुन्हा मोजून लिहून ठेवा, पुढच्या वेळी तुलना करायला तो आकडा कामी येतो.